स्लीपी हॉलो (१९९९): चुका, गमतीजमती आणि एक न जुळणारी जखम

सातरस्ता

सुरुवातीलाच सांगतो, या धाग्यात सगळं रहस्य फोडलेलं आहे. टिम बर्टनचा ‘स्लीपी हॉलो’ ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी तो बघावा, रात्री, दिवे घालवून, आणि मग निवांत इकडं यावं.

या सिनेमाच्या चुकांच्या याद्या नेटवर ढिगानं पडल्यात. एका शॉटमध्ये कॉलर वर आणि पुढच्यात खाली, असल्या गोष्टींत मला रस नाही. मला दोन वेगळ्या जातीच्या चुकांबद्दल बोलायचंय. एक काळाची चूक, म्हणजे १७९९ साली जी वस्तू जगात नव्हती ती पडद्यावर दिसते. दुसरी म्हणजे सिनेमानं स्वतः घालून दिलेला नियम स्वतःच मोडणं. पहिल्या जातीच्या चुका या सिनेमाला शोभतात, काही तर जाणूनबुजून केल्यात असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या जातीची चूक रहस्यपटाला माफ नसते. आणि ती इथं एक आहे.

गोष्ट ज्यांना पुसट आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कचा कॉन्स्टेबल इकाबॉड क्रेन (जॉनी डेप) हा पुराव्यावर, शवविच्छेदनावर, स्वतः बनवलेल्या उपकरणांवर विश्वास ठेवणारा माणूस. त्याला स्लीपी हॉलो नावाच्या डच वस्तीच्या गावात पाठवतात. तिथं तिघांची मुंडकी उडवलेली आहेत आणि मुंडकी गायब आहेत. गाव म्हणतं, हे शीर नसलेल्या हेसियन (म्हणजे भाडोत्री जर्मन सैनिक) घोडेस्वाराचं काम. इकाबॉड म्हणतो, माणसाचं काम. शेवटी दोघंही बरोबर ठरतात: घोडेस्वार खरंच भूत आहे, पण त्याची कवटी जिच्या हातात आहे ती बाई, गावातल्या कॅटरिनाची सावत्र आई लेडी व्हॅन टॅसल, त्याला कुणाला मारायचं त्यांची नावं देते. इस्टेट, मृत्युपत्र, गुप्त लग्न, पोटातलं मूल, सगळं एका दोऱ्यात.

आता काळाच्या चुका. सगळ्यात गाजलेली म्हणजे इकाबॉडची ती चकती. एका बाजूला लाल पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोन्हीकडं दोरा. दोरा पिळून सोडला की चकती गरगर फिरते आणि पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. याला थॉमाट्रोप म्हणतात. लंडनमध्ये ते लोकांसमोर आणलं जॉन एअर्टन पॅरिस या डॉक्टरनं, १८२५ च्या सुमारास. सिनेमा १७९९ चा, आणि इकाबॉडला ती चकती लहानपणी आईकडून मिळालेली. म्हणजे चूक पंचवीस वर्षांची नाही, चाळीसेक वर्षांची आहे.

पण ती काढून टाका बरं. सिनेमाचा कणाच मोडेल. डोळ्यांना दिसतं ते खरं नसतं, हे त्या पोराला आईनं खेळण्यातून शिकवलं. तोच पुढं डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा पोलीस झाला, आणि गावात आल्यावर कॅटरिनाला तीच चकती फिरवून दाखवतो. त्या दृश्यात चकती पडदाभर येते, पिंजऱ्याच्या काड्या आणि लाल पंख एकमेकांवर चढतात. इतकं जवळून दाखवलेली वस्तू कुणी निष्काळजीपणानं ठेवत नाही.

दुसरी चूक संवादातली. न्यायालयात इकाबॉड म्हणतो की सहस्रक बदलायला आलंय, थोड्याच महिन्यांत आपण एकोणिसाव्या शतकात असू. १७९९ मध्ये कसलं सहस्रक? आणि काटेकोर बघितलं तर एकोणिसावं शतक १ जानेवारी १८०१ ला लागलं, म्हणजे ‘थोड्याच महिन्यांत’ हेही चूक. पण सिनेमा अमेरिकेत लागला १९ नोव्हेंबर १९९९ ला. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्या वेळी २००० साल होतं. तो संवाद त्यांच्यासाठी आहे.

तिसरी, छळाची ती खिळ्यांची लोखंडी पेटी, जिच्यात इकाबॉडची आई मरते. मध्ययुगातलं हत्यार म्हणून जगभर तिची ख्याती आहे, पण मध्ययुगात ती वापरल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. ती कथा रंगवली योहान फिलिप झीबेनकेस या जर्मन लेखकानं १७९३ मध्ये, आणि न्यूरेंबर्गची प्रसिद्ध पेटी प्रदर्शनात आली ती १८०२ च्या सुमारास.

आता खरी चूक. इकाबॉड पहिल्या प्रेताची मान तपासतो तेव्हा सांगतो की जखम त्याच क्षणी डागली गेलीय, जणू पातं लालबुंद होतं, आणि तरी फोड नाही, भाजल्याची खूण नाही. सगळे चमकतात. हा नियम झाला: घोडेस्वाराची तलवार मुंडकं उडवते आणि रक्त थांबवते. मग सुरुवातीच्याच प्रसंगात, मक्याच्या शेतात म्हातारा जमीनदार व्हॅन गॅरेट मरतो तेव्हा भोपळ्याच्या तोंडाच्या बुजगावण्यावर रक्त उडतं ते कुठून? ज्या खुणेवर तपास उभा केला तीच खूण पहिल्याच खुनात खोटी पडते. याला काय म्हणायचं सांगा.

होटगी_रोड

सातरस्ता दादा, लै भारी धागा. माझ्याकडून एक भूगोलाची चूक घ्या. तो वरिष्ठ न्यायाधीश, तेच ते क्रिस्टोफर ली, इकाबॉडला सांगतो की गाव उत्तरेला दोन दिवसांच्या वाटेवर, हडसन हायलँड्समध्ये आहे. खरं स्लीपी हॉलो मॅनहॅटनपासून साधारण ४० किलोमीटरवर, हडसन नदीच्या काठी. सोलापूर ते तुळजापूर एवढंच म्हणा की. कोजागिरीला आपल्याकडं म्हाताऱ्या बायकासुद्धा ते अंतर एका दमात चालतात. घोडागाडीला दोन दिवस कशाला लागतील?

आणि हायलँड्सचे डोंगर तिथून अजून बरेच उत्तरेला आहेत. तिथं जायचं तर दोन दिवस पटतात. पण मग ते गाव वेगळं झालं.

विजापूर_वेस

होटगी_रोड, चांगलं पकडलंस बाळ. पण गाव लांब असणं या गोष्टीला हवंच आहे. इकाबॉडला परत जाता येऊ नये, निरोप धाडता येऊ नये. जवळ असतं तर तो पहिल्या रात्रीच माघारी फिरला असता.

सातरस्ता, तुझ्या जखमेच्या प्रश्नावर मला बोलायचंय. मी सरकारी रुग्णालयात आयुष्य घालवलंय, त्यातली बरीच वर्षं शवविच्छेदनाच्या कामाशी जवळून संबंध आला. रात्री निवांत लिहिते.

नान्नजचा_माळ

मी पक्ष्यांकडं बघणारा माणूस, त्यामुळं माझी नजर त्या लाल पक्ष्यावर. चकतीवरच्या नाही, खऱ्या. न्यूयॉर्क सोडण्याआधी इकाबॉड आपल्या खोलीतला पिंजरा उघडून एक लाल पक्षी सोडून देतो. तो नॉर्दर्न कार्डिनल, नर.

काही ठिकाणी मी वाचलं की ही चूक आहे, कारण कार्डिनल हा मूळचा दक्षिणेकडचा पक्षी आणि उत्तरेत तो पुढच्या काळात पसरला. त्याचा पसारा उत्तरेकडं वाढत गेला हे खरं. पण हा पक्षी रानातला नाही, पिंजऱ्यातला आहे. आणि कार्डिनल हा त्या काळी पिंजऱ्यात पाळायचा अगदी लाडका पक्षी होता. गाणं गोड, रंग भडक, त्यामुळं दक्षिणेत पकडून उत्तरेला आणि थेट युरोपपर्यंत विकायचे. इंग्रज त्याला ‘व्हर्जिनियाचा नाइटिंगेल’ म्हणायचे. हा व्यापार बंद झाला तो १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानं. तेव्हा १७९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका एकट्या माणसाच्या खोलीत पिंजऱ्यात कार्डिनल असणं ही चूक नाही. उलट कुणीतरी नीट विचार केलाय.

खटकतं ते वेगळंच. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी हिवाळ्याच्या तोंडावर शहरात सोडला तर त्याचं भलं होत नाही. आमच्या नान्नजला माळढोकाच्या माळावर जे लोक पोपट, मुनिया आणून सोडतात त्यांना हेच समजावून सांगावं लागतं. सिनेमात ते दृश्य करुणेचं म्हणून येतं. पक्ष्याच्या बाजूनं बघितलं तर तसं नाही.

सातरस्ता

नान्नजचा_माळ, हे मला नवीन आहे, मनापासून आभार. लाल रंगाचं अजून बघा. सिनेमाभर रंग दाबलेले आहेत, सगळं राखाडी, काळं, कुजक्या पानांचं. छायाचित्रण इमॅन्युएल लुबेझ्कीचं. या राखाडीत लाल रंग मोजून येतो: मृत्युपत्रावर ओतलेली लाख, रक्त, आणि हा पक्षी. पहिलाच शॉट आठवा. कागदावर लाल थेंब पडतो, आपल्याला वाटतं रक्त, आणि मग शिक्का बसतो. खुनाचं कारण काय हे पहिल्या काही सेकंदांतच सांगून टाकलंय: मृत्युपत्र. पहिल्यांदा बघताना कुणाच्या लक्षात येत नाही.

ताणाबाणा

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात चार पिढ्या माग आहेत. कपड्यांवर बोलतो.

वेशभूषा कोलीन ॲटवूडची, ऑस्करसाठी नामांकन होतं. कॅटरिनाचा शेवटचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा सगळ्यांना आठवत असेल. त्यावर एक आक्षेप वाचला होता की असं कापड त्या काळी विणता येत नव्हतं, नक्षी विणणारा जकार्ड माग १८०४ चा आहे. हा आक्षेप घेणाऱ्यानं माग जवळून बघितलेला नसावा. उभे पट्टे काढायला जकार्ड लागतच नाही. ताणा भरतानाच काळे आणि पांढरे धागे हिशेबानं लावले की पट्टा आपोआप उतरतो, साध्या हातमागावर. जकार्ड लागतो तो फुलं, मोर, वेलबुट्टी, अक्षरं काढायला. आपली सोलापुरी चादर जकार्डची, कारण तिच्यावर नक्षी आहे. त्या झग्याला साधा माग पुरे.

खरी चूक वेगळी. १७९९ म्हणजे युरोप-अमेरिकेत बायकांचे कपडे पार बदलले होते. कंबर वर छातीखाली गेली होती, पांढरी पातळ मलमल, अंगालगत सरळ उतरणारी. आणि सिनेमात सगळ्या बायका घट्ट चोळी, आवळलेली कंबर, फुललेला घेर, म्हणजे वीसएक वर्षं जुन्या धाटणीत. आता याला कुणी म्हणेल की आडगाव आहे, तिथं फॅशन उशिरा पोचली. पण लेडी व्हॅन टॅसल गावातल्या सगळ्यात श्रीमंत घरची मालकीण, तिच्या अंगावर नवं असणारच. मला वाटतं ॲटवूडबाईंनी भुतांच्या जुन्या सिनेमांकडं बघून कपडे केले, १७९९ कडं बघून नाही. मलमलीच्या सरळ झग्यात ती बाई इतकी धोकादायक दिसलीच नसती.

होटगी_रोड

ताणाबाणा अण्णा, हॅमर कंपनीचेच सिनेमे ना? त्यावर माझ्याकडं माल आहे. क्रिस्टोफर ली आणि नोटरी हार्डनब्रुक झालेला मायकल गॉफ, हे दोघं १९५८ च्या हॅमरच्या ‘ड्रॅक्युला’त एकत्र होते. ली ड्रॅक्युला, गॉफ आर्थर होल्मवूड. बर्टननं त्या काळाला केलेला तो नमस्कार आहे. गॉफ बर्टनच्या ‘बॅटमॅन’मधला आल्फ्रेडसुद्धा.

डॉक्टर झालेला इयन मॅकडायर्मिड आणि बिनडोक्याच्या घोडेस्वाराची तलवारबाजी करणारा रे पार्क, हे दोघं त्याच वर्षी आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या ‘फँटम मेनेस’मध्ये होते. एक पाल्पटिन, दुसरा डार्थ मॉल. घोडेस्वाराचं डोकं जागेवर असताना तो क्रिस्टोफर वॉकन, डोकं गेलं की रे पार्क.

आणि पुढं हॅरी पॉटरमध्ये मायकल गॅम्बन डंबलडोर, रिचर्ड ग्रिफिथ्स व्हर्नन डर्स्ली, मिरांडा रिचर्डसन रिटा स्कीटर. तिघंही आधी या गावात होते.

सातरस्ता

मिरांडा रिचर्डसनचं अजून एक सांगायचं राहिलं. पश्चिमेच्या रानात गुहेत राहणारी ती तोंड झाकलेली चेटकीणही तिनंच केलीय. नंतर कळतं की चेटकीण आणि लेडी व्हॅन टॅसल सख्ख्या बहिणी. म्हणजे एकाच नटीनं दोघी करणं ही नुसती गंमत नाही, तो पुरावा आहे. आवाज ओळखीचा वाटला ना, तर तुम्ही अर्धं रहस्य सोडवलं.

गिरणीवाला

नमस्कार. माझी पिठाची गिरणी आहे. हॉलिवूडमधलं मला फार कळत नाही पण सिनेमाच्या शेवटाकडच्या पवनचक्कीच्या स्फोटावर बोलायचंय.

आमच्या ग्रुपवर पोरं म्हणत होती, आग लागली ठीक, पण पवनचक्की बॉम्बसारखी उडेल कशी, आत काय दारूगोळा होता काय. मालक, पीठ होतं ना आत. गोणीत घट्ट भरलेलं पीठ पेट घेत नाही, नुसतं काळं पडतं. तेच पीठ हवेत उडालं, जागा बंद असली आणि ज्योत मिळाली की एका क्षणात सगळं पेटतं. कण बारीक, प्रत्येक कणाभोवती हवा, सगळे एकदम जळतात, हवा फुगते, भिंती फुटतात. मालदांडी ज्वारी दळताना दुपारी उन्हाच्या तिरपेत बघा, पीठ कसं तरंगतं ते. तुळईवर, वायरवर, दिव्याच्या काचेवर बोटभर थर बसतो. आमच्यात गिरणीच्या आत कुणाला काडी ओढू देत नाहीत. वडिलांनी सांगितलेलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

मी नंतर वाचलं तर इटलीत तुरिन शहरात १४ डिसेंबर १७८५ ला एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात दिव्यामुळं असाच स्फोट झाला होता, आणि काउंट मोरोझ्झो यांनी तो लिहून ठेवलाय. म्हणजे सिनेमाच्या काळाच्या आधी. अमेरिकेत मिनियापोलिसला १८७८ मध्ये वॉशबर्न गिरणी उडाली, १८ माणसं गेली. तेव्हा स्फोटाला चूक म्हणू नका.

चूक म्हणायचीच तर एवढीच की इतक्या जवळ असून इकाबॉड आणि त्याच्याबरोबरची दोघं सुखरूप सुटतात.

सातरस्ता

गिरणीवाला, तुमच्यासारख्या माणसानं लिहिलं म्हणून हा धागा काढल्याचं सार्थक झालं. जळती पवनचक्की हा १९३१ च्या ‘फ्रँकेनस्टाइन’ला केलेला सलाम आहे, तिथंही शेवट पवनचक्कीतच होतो. म्हणजे जुन्या सिनेमाची आठवण आणि पिठाचं विज्ञान दोन्ही एकाच प्रसंगात बसलं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे छताचा पूल. लाकडी, वरून झाकलेला पूल, त्याखाली बेडूक ‘इकाबॉड, इकाबॉड’ असं ओरडतात, तो प्रसंग. हा सलाम डिस्नेच्या १९४९ च्या कार्टूनला. पण अमेरिकेतला पहिला छताचा पूल फिलाडेल्फियात १८०५ मध्ये झाला. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या मूळ कथेत नुसता लाकडी पूल आहे, वर झाडांची दाट सावली. सावलीचं छत झालं आणि सहा वर्षांची चूक पदरात पडली. मला ती प्रिय आहे. त्या पुलाच्या आतला घोड्याच्या टापांचा आवाज उघड्या पुलावर मिळाला नसता.

जुनी_मिल

मी सोलापूरचाच, सध्या पुण्यात. मूळ कथेचं नाव निघालंय म्हणून लिहितो.

अर्व्हिंगनं ही कथा १८२० मध्ये छापली, तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. त्यात इकाबॉड पोलीस नाही, शाळामास्तर आहे. हडकुळा, खादाड, भुतांच्या गोष्टींवर पूर्ण विश्वास ठेवणारा. म्हणजे सिनेमातल्या इकाबॉडच्या बरोबर उलटा. खून नाही, मृत्युपत्र नाही. घोडेस्वार म्हणजे बहुतेक कॅटरिनाच्या मागं लागलेल्या ब्रॉम या गावातल्या तरुणानं केलेला चावटपणा, सकाळी फुटलेला भोपळा सापडतो, मास्तर गायब, आणि कॅटरिनाचं लग्न ब्रॉमशी. कथेतल्या घोडेस्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं गेलंय, सिनेमात त्याच्याच तलवारीनं कापलंय. तोफगोळ्यानं उडालेल्या डोक्याची कवटी चोरता आली नसती, म्हणून पटकथाकाराला हा बदल करावाच लागला.

गावाचं सांगतो. खऱ्या गावाचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. तिथं जनरल मोटर्सचा मोठा कारखाना होता, तो १९९६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी गावानं मतदान करून नाव बदलून स्लीपी हॉलो केलं. सिनेमा त्यानंतर तीन वर्षांनी आला. कारखान्याचा भोंगा थांबल्यावर गावाचं काय होतं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. माझे आजोबा मिलमध्ये होते. ते गाव एका गोष्टीच्या आधारानं उभं राहिलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

सिनेमातलं गाव मात्र तिथलं नाहीच. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरला मार्लोजवळ अख्खं गाव उभारलं होतं, आणि रानाचा मोठा भाग स्टुडिओच्या आत. कलादिग्दर्शनाचं ऑस्कर रिक हाइनरिक्स आणि पीटर यंग यांना मिळालं.

होटगी_रोड

+१. स्टुडिओतलं रान आहे म्हणूनच ते तसं दिसतं. प्रत्येक फांदी कुणीतरी वाकवलीय.

अक्का, जखमेचं लिहा की. वाट बघतोय.

विजापूर_वेस

लिहिते. थोडं सविस्तर होईल, आणि जेवताना वाचू नका.

आधी डागण्याबद्दल. तापलेल्या पात्यानं रक्त थांबतं हे खरं, जुन्या काळी हात-पाय कापल्यावर तसंच करायचे. पण त्याला वेळ लागतो, दाबून धरावं लागतं. मानेत दोन्ही बाजूंना मोठ्या धमन्या असतात, त्यातून रक्त जोरानं येतं. सर्रकन फिरलेलं पातं, कितीही लाल असलं, तेवढ्या वेळात ते बंद करू शकत नाही. फ्रान्समध्ये गिलोटिन एप्रिल १७९२ मध्ये सुरू झालं, म्हणजे इकाबॉडच्याच काळात, आणि ते बघणाऱ्या प्रत्येकानं रक्ताचं वर्णन केलंय. त्यामुळं इकाबॉड चक्रावतो हे अगदी बरोबर लिहिलंय. डाग दिलाय पण भाजल्याची खूण नाही, हे निरीक्षण चांगल्या तपासणाऱ्याचं आहे. ती तलवार या जगातली नाही हे त्याच्या डोळ्यांसमोर आहे आणि तो ते म्हणत नाही, कारण त्याला ते म्हणायचं नाही.

आता बुजगावण्यावरचं रक्त. सातरस्ता, तुझं बरोबर आहे, नियम मोडलाय. बर्टनला त्या पिवळ्या-नारिंगी तोंडावर लाल हवं होतं, त्यानं घेतलं. मी त्याची बाजू घेणार नाही.

पण याच सिनेमात जखमेची दुसरी खूण आहे आणि ती इतकी अचूक आहे की मी पहिल्यांदा बघताना उठून बसले होते. लेडी व्हॅन टॅसल मेली असं सगळ्यांना वाटतं. मुंडकं नसलेलं प्रेत आहे, अंगावर तिचे कपडे, तळहातावर कापल्याची खूण. तिनं रानात पाद्र्याबरोबर असताना स्वतःचा तळहात कापलेला इकाबॉडनं चोरून बघितलेला असतो, म्हणून तो प्रेत तिचंच मानतो. मग गाव सोडून निघाल्यावर त्याला उमगतं की प्रेताच्या हातावरच्या जखमेतून रक्त आलेलंच नव्हतं. म्हणजे ती मेल्यावर केलेली जखम. म्हणजे ते प्रेत दुसऱ्या कुणाचं, घरातल्या मोलकरणीचं.

हे शंभर टक्के खरं शास्त्र आहे. जिवंतपणीची जखम आणि मरणानंतरची जखम यांत फरक असतो. हृदय चालू असताना कापलं तर रक्त आजूबाजूच्या मांसात शिरतं, कडा फुगतात, पाण्यानं धुतलं तरी तो लालसरपणा जात नाही. मेल्यावर कापलं तर कडा फिकट, कोरड्या, धुतलं की स्वच्छ. आमच्याकडं पंचनाम्याचं प्रेत आलं की डॉक्टर आधी हेच बघायचे. स्पंजनं जखमेची कड हळूच पुसायची, पुन्हा पुसायची, आणि रंग राहतो की जातो ते बघायचं. कितीतरी वेळा विहिरीत पडलेल्याच्या अंगावरच्या खुणांनी घरच्यांना धास्ती बसलेली असायची, आणि त्या खुणा नंतर दगडावर घासून झालेल्या निघायच्या. कधी उलटंही निघायचं.

सातरस्ता

अक्का, हे वाचून मी तो भाग पुन्हा लावला. तुम्ही म्हणता तसंच आहे, प्रेताचा हात आपल्याला आधी दाखवलेला आहे. म्हणजे पुरावा प्रेक्षकापासून लपवलेला नाही. आपणही इकाबॉडच्या आधी ओळखू शकलो असतो.

ब्रॉमच्या मरणाचंही तसंच. घोडेस्वार त्याला मारतो पण त्याचं मुंडकं नेत नाही. इकाबॉड त्यावरून काढतो की ब्रॉमचं नाव यादीतच नव्हतं, तो मधे आला म्हणून मेला. इथं नियम काटेकोर पाळलाय.

होटगी_रोड

मग दादा, त्या सुईणीच्या पोराचं काय? थॉमस. सुईणीला विधवेच्या पोटातलं मूल माहीत होतं म्हणून तिला मारलं, हे पटतं. नवरा आडवा आला, तोही पटतो. पोरगं तर फळ्यांखाली लपलेलं होतं. घोडेस्वार निघालेला, परत फिरतो आणि पोराचं डोकं पिशवीत घालतो. यादीत नसणाऱ्याचं डोकं नेत नाही हा नियम असेल तर इथं मोडला की.

जुनी_मिल

होटगी_रोडच्या प्रश्नाला वजन आहे. हा बुजगावण्यावरच्या रक्तापेक्षा मोठा मुद्दा आहे, कारण इकाबॉडचं ब्रॉमबद्दलचं अनुमान डोकी नेण्या-न नेण्यावरच उभं आहे.

विजापूर_वेस

नियम मोडलेला नाही. ती बाई स्वतः लहानपणी घरातून हाकलली गेली होती. बाप मेल्यावर व्हॅन गॅरेटनं तिच्या आईला पोरींसकट बाहेर काढलं आणि दोन पोरी रानात वाढल्या. सूड घेणाऱ्या त्या दोन पोरी कुठून आल्या? मागं राहिल्या म्हणून आल्या. मागं राहिलेलं पोर काय करू शकतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं तीन नावं दिली असणार, आई, बाप आणि मूल. घोडेस्वार परत फिरतो तो म्हणूनच, त्याचा हिशेब एकानं कमी पडतो.

होटगी_रोड

अक्का, पण ती हे बोलून कुठं दाखवते?

विजापूर_वेस

दाखवत नाही. पवनचक्कीत कॅटरिनाला सगळं सांगते तेव्हा स्वतःच्या लहानपणाचं सांगते, त्यातच आलं. तो प्रसंग पुन्हा बघ आणि तिचे डोळे बघ.

सातरस्ता

बघितला. अक्कांचं पटतंय. बुजगावण्यावरचं रक्त मात्र माझ्या यादीत राहणार.